आमच्याकडे असते

टेबलफॅन बंद केल्यावरही त्याची मोटर बराच वेळ कोमट राहते. सून प्रयोगशाळेत काम करायची, त्यामुळे असल्या गोष्टी तिच्या हाताला आपोआप कळत. संध्याकाळी घरी आली, की सासूबाईंच्या उशाशी पाणी ठेवता ठेवता ती पंख्याच्या पाठीवर तळवा टेकवी. उन्हाळाभर मोटर गार लागली होती.

"आज तरी पंखा लावलात ना, आई?"

"लावला की. गारठून गेले अगदी," सासूबाई म्हणत आणि गळ्यावरचा घाम पुसत.

वीजबिलाचा धसका, दुसरं काही नाही. म्हणून सुनेनं गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या टाकीची सावली कुठवर सरकते, ते ती खडूनं आखून ठेवू लागली. सासूबाई त्या रेघा चुकवून गच्ची झाडत. या वयात लंगडी खेळायची हौस आली वाटतं, असा टोमणाही वर असेच.

आज फिटर गच्ची पाहून खाली आला, तो खुशीत होता. रेघांनी त्याचं निम्मं काम वाचवलं होतं. चहा घेता घेता त्यानं सवलतीचं समजावून सांगितलं. खर्चातला बराच भाग सरकार आयकरातून सोडतं. पण ज्याच्या करातून सोडायचा, घर त्याच्याच नावावर हवं आणि तो तिथंच राहणारा हवा. शिवाय सवलत याच वर्षापुरती.

घर सासूबाईंच्या नावावर होतं. त्यांना मिळकत नव्हती, मग कर कुठला? कर भरायची ती सून.

"या ताई आपल्या कोण, आजी?"

"सून माझी. मुलगा गेला. तेव्हापासून आमच्याकडेच असते."

सुनेनं कप बशीत ठेवला. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, दारी येईल त्याला सासूबाई तेच सांगत. त्यात खोच नसे. तरी ऐकताना तिला आपण एखाद्या पाहुण्याची विसरलेली छत्री आहोत असं वाटे. कुणी टाकत नाही, पण ती घरातलीही नाही. त्या 'आमच्या'त पूर्वी सासरे होते, नवरा होता. आता सासूबाई एकट्याच उरल्या होत्या.

नणंद आली, की घराचा विषय काढायची. आईनंतर विकून टाकू, वहिनीला काय, कुठंही खोली मिळेल, असं ती एकदा म्हणाली, तेव्हा सून पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. सासूबाईंनी नेहमीसारखं "बघू" म्हणून विषय मिटवला. ते 'बघू' नेमकं कुणाच्या बाजूचं, हे सुनेनं कधी विचारलं नाही. मागून घेतलेलं घर आपलं वाटेल का, याचीच तिला खात्री नव्हती.

सवलतीशिवाय पॅनेल झेपणारं नव्हतं. फिटरनं मोजपट्टी पिशवीत टाकली.

"राहू दे," सून त्याला म्हणाली. "पुढं बघू."

आपलाच शब्द सुनेच्या तोंडून ऐकून सासूबाईंनी मान वर केली. थोडा वेळ त्या तिच्या हातांकडे बघत राहिल्या. बोटांच्या पेरांत अजून खडू होता. मग त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या. पंख्याचं बटण वाजलं, पाती घरघरू लागली. दारात येऊन त्या फिटरला म्हणाल्या,

"पिशवी उघडा परत. घर हिच्या नावावर करते मी. लेकीला काय सांगायचं ते माझं मी सांगेन."

फिटर जरा गोंधळला.

"आणि तुम्ही, आजी?"

"मी कुठं जाणार? मी हिच्याकडे असते."