कोऱ्या पेशी

घोड्यांच्या रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत आल्या की ती आधी तबेल्याचं नाव बघायची. बाबा गेल्यापासून ती एकाच तबेल्याची वाट बघत होती.

बाबा तिथे मोतद्दार होते. पैदाशीच्या काळ्या घोड्याला ताप येतो, जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्त तपासून घ्या, असं त्यांनी मालकाला सांगितलं. मालकाने उलट त्यांच्यावरच आळ घेतला. म्हातारा दाणा चोरतो, म्हणून घोडा खंगतो, असं त्याने चार तबेल्यांत पसरवलं. मग बाबांना कुणी दारात उभं केलं नाही. माणूस झुरत झुरत गेला. तिने चारचौघांत टिपूस गाळलं नाही. डूख मात्र धरला.

आता तो उतारवयाला लागलेला काळा घोडा विकायचा होता, म्हणून मालकाला तो निरोगी असल्याचा दाखला हवा होता. घोड्यांचं रक्त आटवणाऱ्या विषाणूची चाचणी स्वच्छ आली. सुटला घोडा, असं हाताखालचा तंत्रज्ञ म्हणाला. तिने तीच नळी पेशी मोजणाऱ्या यंत्राला लावली.

हा विषाणू एकदा शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो. घोडा वरून तुकतुकीत दिसतो, पण रोगाशी लढणाऱ्या पेशी झुंजून झुंजून थकलेल्या असतात. आणि निरोगी असला तरी उतारवयातल्या घोड्याच्या रक्तात, कधीच शत्रू न पाहिलेल्या कोऱ्या पेशी थोड्याच उरतात. इथे तर त्यांचा सुकाळ होता. हे रक्त कुठल्यातरी शिंगराचं होतं.

"म्हाताऱ्या घोड्याने बाळसं धरलंय की," तंत्रज्ञ हसला.

ती हसली नाही. सुई घेऊन स्वतःच तबेल्यात गेली. मालकाने खुर्ची मांडली, ताई, ताई करत उन्हातान्हात कशाला त्रास घेतलात म्हणाला. ती सरळ घोड्याच्या डाव्या बाजूला गेली.

"उजवीकडून तो हात लावू देत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मालकाने विचारलं.

"त्याचा खरारा करणाऱ्याने. मी त्यांची मुलगी."

मालकाचा चेहरा उतरला. घोडा शांत उभा राहिला. नळी भरली.

या वेळी रोग सापडला, आणि थकलेल्या पेशीही. असा घोडा एकतर मारायचा, नाहीतर जन्मभर इतरांपासून दूर, चावऱ्या माश्यांनी रोग पसरवू नये म्हणून जाळीत ठेवायचा. निवाडा डॉक्टरचा, म्हणजे तिचा. मालक प्रयोगशाळेत धावत आला. दार लावून घेत त्याने हात जोडले.

"आजच संपवा त्याला, बाई. गुपचूप. बाहेर कळलं तर माझा एक घोडा खपायचा नाही."

"त्याने काय केलंय? तो जगेल," ती म्हणाली. "तुमच्याच खर्चाने, तुमच्याच दारात. फाटकावर रोगाची पाटी लागेल. बाकी सगळ्या घोड्यांचं रक्त मी स्वतः काढीन."

"वडिलांचा सूड उगवताय तुम्ही."

"हो."

त्याला वाटलं होतं, ती नाकारेल. तिने सही केली.

मालकाने विकलेला दुसरा एक घोडा न्यायला गाडी यायची होती, त्या सकाळी ती फाटकासमोर रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. गाडी आली. चालक खाली उतरला, त्याने पाटी वाचली, मालक हातवारे करत बोलत होता तरी त्याने नकारार्थी मान हलवली. गाडी वळली. धूळ बसेपर्यंत ती तिथेच थांबली. मालकाने आपल्याला नीट पाहावं, म्हणून.