हापशावरची रांग, आंब्याखालची रांग

त्या गावात हापशावर माणसं रांगेत उभी राहत नसत, डबे उभे राहत. पहाटे पिवळा डबा ओळीत ठेवला की बाई घरी जायला मोकळी. केळी सोला, शेळी बांधा, शेजारणीशी भांडा. पाळी डबा राखतो. असा सगळ्यांचा विश्वास होता, म्हणूनच तर अधूनमधून एखादा डबा आपोआप पुढं सरकायचा.

निवडणुकीच्या सकाळी नाबोसाचा डबा असाच सरकला. म्हणजे तिनंच सरकवला. निकालानंतर आपल्या माणसांना चहा पाजायचा, तर पुढं सात डबे. इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. डबा उचलला आणि थेट पहिल्या डब्याच्या पुढं टेकवला. तो पहिला डबा नाकिवाला जज्जाचा. झाकण कधीच हरवलेलं, तोंडात कच्चं केळं कोंबलेलं. नाकिवाला तिचं नाव; जज्जा, म्हणजे गावाची आजी.

मग नाबोसा आंब्याखाली गेली, अध्यक्षपदाला उभी राहायला. तिची घोषणा होती, ‘ज्याची पाळी त्याला!’

समोर सेबुगुझी, सोळा वर्षं अध्यक्ष. गावाचा शिक्का सदऱ्याच्या खिशात. कोंबडी दिल्याशिवाय तो बाहेर येत नसे. मतपेटी नव्हतीच. उमेदवार पुढं, त्याची माणसं मागं ओळीनं. लाजायचं तर सगळ्यांसमोर लाजायचं.

दोन्ही ओळी सारख्याच लांब दिसत होत्या. उरली एकटी जज्जा. काठी टेकत आली आणि मधोमध थांबली.

“ये ना जज्जा, माझ्यामागं,” नाबोसा म्हणाली.

“तुझ्यामागं? सकाळपासून मी तुझ्यामागंच आहे की गं. माझं केळंसुद्धा तुझ्यामागं आहे.”

सेबुगुझी खो-खो हसला. “बघा, पाळीवाली बाई!”

नाबोसाचे कान तापले. म्हणता आलं असतं, जज्जा, तुला नीट दिसत नाही. कुणी पाहिलं होतं? पण जज्जा तिच्याकडं अशी पाहत होती, जशी लहानपणी गूळ चोरल्यावर पाहायची.

“सरकवला मी,” नाबोसा म्हणाली. “आत्ता मागं ठेवून येते.”

ती निघाली, आणि तिची अख्खी ओळ तिच्यामागं निघाली. तिनंच बजावलं होतं, काही झालं तरी माझी पाठ सोडायची नाही! निवडणूक अधिकारी वही घेऊन धावला. “अहो बाई, मोजणी व्हायचीय!”

“आलेच, साहेब.”

तिनं आपला डबा पार शेवटी नेऊन ठेवला. जज्जाचा भरला, डोक्यावर घेतला आणि सगळी वरात आंब्याखाली परत आली. जज्जानं तो डबा नाबोसाच्या ओळीच्या शेपटाला ठेवायला लावला.

“हा राहू दे माझ्या जागी. चुलीवर घेवडा लागायला आलाय.”

“आजी, डब्याचं मत धरत नाहीत!”

“तीस वर्षं तो माझ्या जागी उभा राहतोय, साहेब. आजवर कुणी नाही म्हटलं नाही.” आणि जज्जा चालू लागली. नाबोसानं हाका मारल्या, पण जज्जाला घेवडा महत्त्वाचा.

अधिकाऱ्यानं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत नाबोसाची ओळ मोजली. माणसं एक्केचाळीस, डबा एक, डबा खोडला. मग सेबुगुझीची ओळ. अडतीस, एकोणचाळीस...

तेवढ्यात त्या ओळीतला शेवटचा माणूस, सेबुगुझीचा मेहुणा कायिवा, बाजूला झाला.

“अरे कायिवा! कुठं निघालास?”

“आलोच, दाजी. डबा जरा... बारावा होता, चौथा झालाय.”

“आत्ता?”

“काय करू, मघापासून टोचतंय.” कायिवा मान खाली घालून हापशाकडं सुटला. त्याला पाहून दोन्ही ओळींतल्या चार-पाच जणांनी घसे खाकरले, पण मोजणी संपेपर्यंत पाय रोवून धरले.

“चाळीस,” अधिकारी म्हणाला आणि वही मिटली.

सेबुगुझी एका मतानं पडला. मग खिशातून शिक्का काढून त्यानं नाबोसाच्या हातावर ठेवला. शिक्का गरम होता, सोळा वर्षं छातीशी होता ना.

“अध्यक्षबाई, चहा?” मागून कुणीतरी ओरडलं.

नाबोसानं हापशाकडं पाहिलं. तिथं आता झुंबड उडाली होती. जो तो आपला डबा मागं नेत होता, आणि आधी मागं कोण यावरून भांडणं लागली होती.

“माझा शेवटचा आहे,” ती म्हणाली. “बसा सावलीला.”