याकोबाची कुस्ती

कोल्हापुरातल्या तरण्या पोराला मनाविरुद्ध एका जागी बसवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. शाळेला ते जमत नाही, आईबापांना जमत नाही, मग चर्चला कुठून जमणार? क्रांतीच्या चर्चमध्ये तर त्याची रीतच पडून गेली होती. उपदेशाआधीचं गीत सुरू झालं, की मागच्या बाकांवरची पोरं एकेक करून पसार व्हायची, समोरच्या टपरीवर चहा मारायची आणि दानार्पणाच्या गीताला परत येऊन अशी साळसूद उभी राहायची, की जणू हललीच नव्हती. म्हाताऱ्यांनी आधी आरडाओरडा केला, मग कुरकुर केली, मग सवय करून घेतली. उपदेश किती लांबणार याचा अंदाज पाळकसाहेबांपेक्षा टपरीवाल्यालाच जास्त होता.

या पळपुट्यांचा म्होरक्या म्हणजे क्रांतीचा सख्खा थोरला भाऊ राजवीर.

राजवीर पैलवान. निदान गेल्या हंगामापर्यंत होता. मैदानात उतरताना कपाळाला माती लावायचा, डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायचा, आणि मग समोरच्याला असा उचलायचा की बघणाऱ्यांच्या टोप्या उडायच्या. वारणानगरच्या मैदानात त्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी कुस्ती बंद म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो एक पाय ओढत चालायचा. आईनं जेवणाआधी प्रार्थना सुरू केली, की हा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत. "ज्याला हाक मारून उतरत हुतो, त्यानंच पाय काढून घेतला. आता काय बोलायचं त्याच्यासंगं?" असं एकदाच म्हणाला होता. चर्चला यायचा तो आईच्या डोळ्यांतल्या पाण्याला भिऊन, आणि तेही टपरीपर्यंतच.

म्हणूनच पाळकसाहेबांनी जेव्हा जाहीर केलं, की तरुणांना उपदेश कसा करावा हे शिकवायला दर शनिवारी वर्ग घेणार, तेव्हा सगळ्यात आधी हात वर झाला तो क्रांतीचा. लोकांना वाटलं, पोरीला पुलपिटवर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, चढायची हौस आली. हौस होतीच, खोटं कशाला बोला! पण तिला मनातून एकच हवं होतं. आपला एक उपदेश असा व्हावा, की ज्यात दादा बाकावरून उठणार नाही.

आकाराम पाळकसाहेब म्हणजे साधा, जाडा, हसरा माणूस, पण वर्गात भलताच कडक. शाहूपुरीतलं ऑफिस सुटलं की क्रांती पळत पळत यायची. वर्गात सोबतीला सम्राट नावाचा एक पोरगा. बाकीचे दोनच शनिवारांत गळाले. सम्राटनं पहिला उपदेश मोबाइलवरून उचलून आणला होता. त्यात एक माणूस बर्फात गाडी अडकून रात्रभर देवाचा धावा करतो.

"सम्राट, बर्फ कुठं बघितलास?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"फ्रीजमध्ये, सर."

"मग फ्रीजपुरतंच बोल."

क्रांतीला हसू आवरेना. पण तिची पाळी आली आणि ते हसू पार विरलं. तारुण्य म्हणजे काय, तारुण्याचं मोल काय, तारुण्यात कोणते मोह असतात, असं तिचं चाललं होतं. पाळकसाहेबांनी हात वर केला. "क्रांती, नमनालाच घडाभर तेल गेलं की! दिवा कधी लावणार?"

कुठल्याही चर्चमध्ये जा, पळसाला पानं तीनच, तसे उपदेशाला मुद्दे तीनच. पाळकसाहेबांनी ते तीन मुद्देही आधी काढून घेतले. त्यांची पद्धत निराळी होती. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग घ्यायचा, तोंडपाठ होईस्तोवर वाचायचा, आणि ज्याच्या हातात काम आहे अशा माणसाला तो पुस्तक न उघडता सांगायचा. "हात चालू राहिले तर अजून कच्चं हाय. हात थांबले तर पुलपिटवर चढ. आणि एक ध्यानात ठेव. शास्त्रात न्हाय ते पदरचं घालू नकोस. टाळ्या मिळतील, पण उपदेश बुडेल."

क्रांतीनं निवडलं याकोबाचं झुंजणं. ओढ्याकाठी एकटा राहिलेला याकोब, अंधारातून आलेला एक अनोळखी माणूस, जो शेवटी देवच निघतो, आणि उजाडेपर्यंत चाललेली दोघांची झोंबाझोंबी. कोल्हापूरच्या पोरांना सांगायला याहून फक्कड गोष्ट शास्त्रात दुसरी कुठली?

ऑफिसातल्या मोनाला तिनं ही गोष्ट बिलं बनवता बनवता ऐकवली. मोनाची बोटं की-बोर्डवर क्षणभरही थांबली नाहीत. "छान हाय गं," म्हणाली आणि पुढचं बिल घेतलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याला ऐकवली, तर मशीन उलट जोरात चालायला लागलं. क्रांती वैतागली, पण हटली नाही. रोज काहीतरी काढून टाकायची, रोज गोष्ट थोडी आणखी जवळून बघायची. एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. क्रांती सांगत होती. याकोबानं कंबरेत हात कसा घातला असेल, दोघांचे श्वास कसे फुलले असतील, ओढ्याची वाळू कशी पाठीला चिकटली असेल. सांगता सांगता करपल्याचा वास आला. तव्यावरची भाकरी काळी ठिक्कर झाली होती आणि आईचे पिठानं भरलेले हात तसेच हवेत.

"मग? पुढं काय झालं?" आईनं विचारलं.

क्रांतीनं तिथंच उडी मारली! करपलेली भाकरी तिनं मीठ-तेल लावून मिटक्या मारत खाल्ली.

तरुणांचा रविवार, म्हणजे क्रांतीच्या उपदेशाचा दिवस, उजाडला. घरातून निघताना तिनं राजवीरला गाठलं. "दादा, आज बसशील न्हवं?"

"गीत झालं की पाच मिंटं बसतो. तुझ्यापायी. पुढचं मला सांगू नगंस."

उपदेशाआधीचं गीत सुरू झालं, तशी मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. पण राजवीर हलला नाही, आणि म्होरक्या हलला नाही म्हणून बाकीचेही अडकले. क्रांती पुलपिटवर चढली.  तिनं ओढा उभा केला. अंधार उभा केला. दोन माणसं भिडवली. मागच्या बाकांवरची पोरं हळूहळू पुढं झुकायला लागली. एकानं तर समोरच्या बाकाची पाठ गच्च धरली. क्रांतीला ते दिसत होतं आणि अंगात वारं भरल्यासारखं होत होतं. जमतंय! जमतंय की!

आणि इथंच माती खाल्ली. वाऱ्यावर स्वार झालेल्या माणसाला पाळकसाहेबांचे शब्द कशाला आठवतील? तिनं मूठ आपटली आणि ती ओरडली, "आणि पहाट झाली तसं याकोबानं त्या माणसाला चितपट केलं!"

"न्हाय!"

सगळ्या माना मागं वळल्या. राजवीर उभा राहिला होता.

"चितपट कशी? पाठ कुठं लागली?" त्याचा आवाज चर्चभर घुमला. "मगाशी शास्त्रपाठ झाला, तवा नीट ऐकलंय मी. त्या माणसानं ह्याच्या खुब्याला हात लावला आन् खुबा निखळला. पाठ लागल्याचं कुठं लिवलंय? लबाड बोलू नगंस, क्रांते."

"बरोबर हाय! बरोबरीत सुटली कुस्ती!" दुसरा ओरडला.

"बरोबरीत कशी? आशीर्वाद कुणी मिळवला?" तिसरा उठला.

मग काय विचारता! मागचे तिन्ही बाक एकमेकांवर ओरडू लागले. आया पोरांना खाली ओढू लागल्या. पुढच्या बाकावरचे, मंडळीचे पंच हंबीरराव काठी टेकत उठले. "अरे, देवाचं घर हाय का तालीम?" पाळकसाहेबांनी त्यांचा सदरा धरून त्यांना हळूच खाली बसवलं.

क्रांतीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लाज वाटली, रडू आलं, आणि त्याच क्षणी एक गोष्ट डोक्यात लख्ख चमकली. दादा चर्चमध्ये आहे. उभा आहे आणि शास्त्रावर भांडतो आहे. गेल्या हंगामापासून तो देवाबद्दल इतकं बोललेला नव्हता.

"चुकले," ती मोठ्यानं म्हणाली. "चितपट हे मी पदरचं घातलं. शास्त्रात ते न्हाय." गलका थांबला. "आता दादा, मला एक सांग. तू मैदान बघितलंयस. खुबा निखळल्यावर पैलवान काय करतो?"

राजवीरनं ओठ चावला. "काय करंल? पडतो. पायात जीवच उरत न्हाय."

"मग याकोब का पडला न्हाय?"

"कशाला तरी धरलं आसंल."

"ओढ्याकाठी भिंत न्हवती, खांब न्हवता. जवळ एकच जण हुता." क्रांतीचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. हे तिनं तयार केलेलं नव्हतं. हे आईलाही सांगितलेलं नव्हतं, ते आत्ता, तिच्या डोळ्यांसमोर उलगडत होतं. "तो माणूस म्हणाला, मला जाऊ दे, उजाडलं. आणि याकोब म्हणाला, आशीर्वाद दिल्याबिगर सोडत न्हाय. मला इतके दिवस वाटलं, ही पैलवानाची गुर्मी हाय. पण दादा, सोडून कसं चाललं असतं?"

 बाकाची पाठ धरून राजवीर तसाच उभा होता, सगळं वजन चांगल्या पायावर टाकून. 

"ज्यानं मोडलं," तो शेवटी सावकाश म्हणाला, "त्यालाच धरून हुबा ऱ्हायला."

क्रांतीचे पुढचे मुद्दे तयार होते. चांगले होते. तिला त्यातला एकही आता सांगावासा वाटेना. तिच्या चर्चमध्ये उपदेश संपला, की उपदेश करणारा मंडळीतल्या कुणालातरी नाव घेऊन सांगतो, आम्हाला प्रार्थनेत चालवा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना करा. बहुतेक हंबीररावांचंच नाव घेतात, आणि ते जगाच्या पाठीवरचे सगळे आजारी मोजून काढतात. क्रांतीनं पुलपिटची कड घट्ट धरली.  मनातलं नाव घेतलं आणि ते चुकलं, तर तो लंगडत तडक दाराबाहेर जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं ते घेतलं.

"दादा, आम्हाला प्रार्थनेत चालव."

आईनं पदर तोंडाला लावला. राजवीरनं दाराकडं बघितलं. मग पुलपिटकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि बराच वेळ उभा राहिला, इतका, की पोरांनी हळूच एक डोळा उघडून बघितलं.

"देवा," तो म्हणाला. आवाज चिरकला, त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. "देवा, मला तुझा लय राग आलाय. अजून गेला न्हाय. पण सोडत न्हाय तुला. एवढंच हाय."

त्यावर जे आमेन उठलं, ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर ऐकू गेलं म्हणतात. क्रांतीला त्यातला एकच आवाज ऐकू आला. तो तिच्या शेजारून आला होता. तिनं डोळे उघडले, तर प्रार्थनेच्या एकेका वाक्याला एकेक बाक धरत, एक पाय ओढत, राजवीर पुढं येऊन पुलपिटपाशी पोचला होता.