दोन कानांचा पेला

ताईचं पोट दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांवर चालत होतं. घराण्याचा इतिहास खणणारी हौशी माणसं जुने दस्त घेऊन तिच्याकडे यायची आणि ‘परमप्रिय पत्नीस’ एवढं वाचलं की डोळे पुसायची. ताई फटकन सांगायची, "रडू नका. हे लेखनिकाचं प्रेम आहे. तो सगळ्यांच्याच बायकांना परमप्रिय लिहायचा." तिचा नियम एकच. ठरावीक वाक्यं सोडून द्यायची आणि लेखनिकाला आपणहून कधी सुचलं नसतं असं वाक्य शोधायचं. मेलेला माणूस तिथेच काय ते बोलतो.

आज ती दस्तखान्याच्या खिडकीपाशी आपल्याच घरचे दोन दस्त घेऊन बसली होती, आणि असं एकही वाक्य सापडू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

कारण टिकटिक. म्हणजे तिचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा. चार महिन्यांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावा. चिमट्यात स्क्रू टिकेना, तेव्हा त्याने दुकानाला कुलूप लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात कुणाला होतं का? नसेल तर बहुतेक औषधाने आटोक्यात येईल. असेल, तर मग..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. वडील तिशीतच अपघातात गेलेले, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळत नव्हतं. रक्त तपासायला टिकटिक तयार होईना. "ताई, तू वाच," तो म्हणाला. "मला तुझ्या तोंडून ‘नाही’ ऐकायचंय."

पहिला दस्त पणजोबांचा. ‘देहाने दुर्बल, परंतु बुद्धी शाबूत.’ हे सगळेच लिहायचे, धडधाकट माणसंसुद्धा. ताईने श्वास सोडला. पुढे जमीन, पलंग, कपाटं, सगळं तीन मुलांत सारखं वाटलेलं. आणि शेवटून दुसरी ओळ: ‘मी ज्या दोन कानांच्या पेल्यातून पितो, तो मधल्या मुलास द्यावा. त्याला लागेल.’

आवडीचा पेला असेल, तिने स्वतःला समजावलं. लाडका मुलगा असेल. असली पळवाट दुसऱ्या कुणी काढली असती, तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

मधला मुलगा म्हणजे तिचे आजोबा, तिला कळायला लागायच्या आधीच गेलेले. दुसऱ्यांची मृत्युपत्रं वाचून केस पिकले, पण आजोबांचं तिने कधी उघडलं नव्हतं. त्यांनी शाळेत तीस वर्षं मुलांचं अक्षर घोटून घेतलं होतं. त्यांच्या दस्ताखाली सही नव्हती. अंगठा होता, तोही फरफटलेला. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं: ‘पेला नातवंडांपैकी ज्याला गरज पडेल त्याला द्यावा. कुणालाच पडली नाही, तर फोडून टाकावा.’

तो जाड, चिनी मातीचा पेला कुठे आहे, हे ताईला ठाऊक होतं. तिच्याच टेबलावर. ती त्यात पेनं ठेवायची.

ती ढसाढसा रडली. दस्तखान्याचा कारकून उठून आला आणि हळूच म्हणाला, "बाई, पान ओलं होतंय."

घरी येऊन तिने पेनं उपसली आणि पेला फोडायला उचलला. हात धजेना. मग तळाची शाई घासून काढली आणि तो पिशवीत टाकून भावाकडे निघाली. रस्ताभर ती ‘नाही’ म्हणायची तालीम करत होती.

टिकटिक स्वयंपाकघरात बसला होता. अर्धा चहा बशीत, उरलेला शर्टावर.

"बोल. नाही ना?"

ताईने पिशवी उघडली. तिने पेला टेबलावर ठेवला.

"हा तुझ्या पेनांचा ना?"

"आजोबांचा. त्याआधी त्यांच्या वडिलांचा."

टिकटिक पेल्याच्या दोन्ही कानांकडे बघत राहिला. मग त्याने तोंड फिरवलं, आणि बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. ताईने पेल्यात चहा ओतला. त्याने पेल्याच्या दोन्ही कानांत बोटं घातली, तो उचलला, ओठांना लावला. पेला थरथरला, पण एक थेंब सांडला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो सगळा चहा प्यायला.

"दस्तात माझं नाव आहे?"

"नाव नाही. नातवंडांपैकी ज्याला गरज पडेल त्याला, असं आहे."

"म्हणजे तूसुद्धा."

"हो."

त्याने पेला दोन्ही हातांनी सरकवत टेबलाच्या मध्यावर आणला.

"मग इथेच राहू दे," तो म्हणाला. "दोघांचाही हात पोचेल असा."