किलोभर चहा

थोरल्या जावेने चहाचं पाकीट हातात घेतलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि ते सरळ कपाटात, चादरींच्या घड्यांखाली सारलं.

धाकटी मुलीला खांद्यावर थोपटत बघत राहिली. शहरातून एवढं किलोभराचं पाकीट आणलं, त्यावर "कशाला आणलंस" एवढंही नाही. शहरातलं घरभाडं आता झेपेनासं झालं होतं. "गावात खर्च तो काय असतो?" असं नवरा ऊठसूट म्हणायचा. दिराच्या या घरात राहायला यायचं की नाही, ते तिने बघून सांगायचं होतं. जाऊच अशी लपवाछपवी करणार असेल, तर लहानग्या पोरीला घेऊन इथे दिवस कसे काढायचे?

मग ती बारकाईने बघत राहिली. भाजी परसातली, दूध गोठ्यातलं. त्याला दमडी लागत नव्हती. पण दुकानातून तेल यायचं वाटीभर, कपड्यांचा साबण पुडीतला, चहाची पूड तर वेळेपुरती. हे सगळं शहरापेक्षा महागच पडत होतं.

शेवटी तिला राहवेना.

"ताई, एकदम मोठं आणलं तर स्वस्त पडतं ना?"

"तू शिकलीस म्हणून तुला कळतं आणि आम्हाला कळत नाही, असं वाटलं होय?" जाऊ हसली. "अगं, भरला डबा घरात असला, की मागायला आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही. पुडीचं बरं असतं. संपली म्हटलं, की खरंच संपलेली असते."

"मग कपाटातलं पाकीट?"

"त्याचाच घोर लागलाय मला."

तेवढ्यात दारात शेजारची शिंपीणकाकू उभी राहिली.

"चहाची पूड आहे का गं जराशी? पाहुणे येऊन बसलेत, आणि दुकान नेमकं बंद."

जाऊ एकदम पिठाच्या डब्यात डोकं घालून काहीतरी शोधू लागली. धाकटीनेच तोंड उघडलं.

"आमचीही संपलीय हो, काकू."

काकू "बरं" म्हणून गेली.

"तुझी बरी रेटली," जाऊ डब्यातूनच पुटपुटली. दोघी तोंड दाबून हसल्या. धाकटीला पहिल्यांदाच या घरात मोकळं वाटलं.

थोड्या वेळाने काकू परत आली. हातात कागदाची लहानशी पुडी.

"वरच्या आळीतून मिळाली. पाहुण्यांचं भागलं. म्हटलं, तुम्हीही बिनचहाच्याच बसला असाल, त्यात ही लेकुरवाळी. घ्या, दोन कप होतील."

काकू गेल्यावर जावेने पाणी ठेवलं. पुडी उलटी करून, कागद बोटाने झटकून शेवटचा कणही पातेल्यात पाडला.

फोन वाजला. नवरा होता.

"मग? काय म्हणतोय तिथला खर्च?"

धाकटीने उकळत्या चहाकडे पाहिलं, मग जावेच्या पाठीकडे.

"येऊ या राहायला," ती म्हणाली. "पण स्वस्त पडेल, असं धरून चालू नकोस."