सूर माझा, गळा तिचा

मित्रांनो, मला ओळखायला फार अक्कल लागत नाही. लाकडाचे एक वाटोळे कडे, एका बाजूला ताणून बसवलेले बकरीचे कातडे आणि दुसरी बाजू सताड उघडी, असा मी एक जुना डफ. पोटात काही नाही, म्हणून बोलतो मोठ्याने. माणसांतही हा प्रकार आढळतो.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. कडे वाफेवर वाकवले, कातडे चार दिवस भिजवले, ते ताणून ठोकताना शिव्या दिल्या त्या वेगळ्याच. शेवटी दोन बोटांनी मला वाजवून तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोलका आहे. आता तुम्ही आणि तो."

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे दादा. सव्वीस वर्षे मी त्यांच्या हातात होतो. मोजणे हे माझे कामच. ठेके मोजतो तशी माणसेही मोजतो. कोण किती खरे बोलला आणि कोण किती वेळा गप्प बसला, याची माझ्याकडे चोख नोंद आहे.

दादांचा संच चौघांचा होता. स्वतः दादा, गाणारी त्यांची बहीण (चाळिशी उलटली तरी ते तिला धाकटीच म्हणत), तारांचे वाद्य छेडणारे जाडजूड काका आणि बासरीवाला, ज्याला सगळे फुंकर म्हणत. चौघे चार रीतींत शिकलेले. काकांच्या रीतीत गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सूर लावतात. फुंकरच्या रीतीत बासरीप्रमाणे, कारण बासरीला पिळायला कान नसतात. दादांच्या रीतीत मात्र आधी कातडे बोलते आणि बाकीच्यांनी त्याच्या सुराला यायचे. पहिल्याच दिवशी दादा म्हणाले, "डफाला विचारा." दादा वयाने मोठे, खोली दादांची, चहाही दादांचा. नियम ठरला. एवढा मान मिळाल्यावर मी फुगलो नसतो तरच नवल.

दमट हवेत कातडे सैल पडते आणि सूर उतरतो. शेक दिला की ते ताणले जाते आणि सूर चढतो. म्हणून वाजवण्याआधी दादा मला हीटरसमोर धरून शंभर आकडे मोजत. पुढे दीडशे झाले. मग तीनशे.

"आज दबलाय हा. खणखणत नाही," दादा म्हणत.

मी खणखणत होतो, मित्रांनो. दादांचे कान उतरत होते.

हे सगळ्यांना कळले होते. काकांच्या विनोदावर दादा सर्वांच्या नंतर हसत, इतरांची तोंडे बघून. पण काकांनी काय केले? खुंट्या पिळल्या. एक तार तुटली, दुसरी लावली. फुंकर बासऱ्या बदलत गेला, दरवेळी आधीपेक्षा आखूड. "दादा, अशानं मी शेवटी शिट्टी वाजवीन," तो म्हणाला. दादा त्याच्या ओठांकडे बघून हसले.

धाकटीच्या गळ्याला मात्र खुंट्या नव्हत्या आणि बदलायला दुसरा गळाही नव्हता. ती चढत राहिली. मानेच्या शिरा दोरीसारख्या दिसू लागल्या. कार्यक्रमानंतर दादा विचारत, "त्रास नाही ना झाला?" ती मान हलवी. असे 'नाही' मी एकाच हिवाळ्यात एकोणीस मोजले.

एकदा जिन्यात फुंकरने तिला गाठले. मी तिच्या काखेत होतो.

"ताई, तू सांग ना त्यांना. तुझं मानतील."

"काय सांगू? तू बहिरा झालास म्हणून? वहिनी गेली तेव्हा दादा हा डफ घेऊन बसला म्हणून तगला. हाही काढून घेऊ?"

"आणि तुझा गळा?"

"माझा गळा धट्टाकट्टा आहे," ती म्हणाली, तेही घोगऱ्या आवाजात.

मग फुंकरने चोरून एक काम केले. पुढच्या सरावाला दादा चहा करत असताना त्याने एक ओले फडके माझ्यावरून फिरवले. मी उतरलो. काकांनी मुकाट्याने तारा उतरवल्या. धाकटी गायली ती दिवसभराच्या कामानंतर खुर्चीत टेकावे तशी. चार ओळीच झाल्या. दादांना सूर ऐकू आला नाही, पण बोटांना कळले.

"याला पाणी कोणी लावलं? काका?"

"छे! मी कशाला हात लावू?"

"धाकटे?"

ती फरशीकडे बघत म्हणाली, "मला नाही माहीत, दादा."

"मी लावलं," फुंकर म्हणाला. "फार चढलाय तो. ताईचा गळा जाईल अशानं."

दादांनी ओठांवरून निम्मेच ओळखले. तेवढे पुरले. "माझ्या डफाला पाणी? ऊठ, चालता हो."

फुंकर बासऱ्या गुंडाळून गेला. खरे बोलणारा एक होता, तोही वजा झाला.

महिन्याभराने एका सभागृहात दुपारचा कार्यक्रम होता. दादांनी मला इतके शेकले, की माझ्या आरपार उजेड दिसू लागला. तिसऱ्या गाण्यात, सर्वांत वरच्या जागी, धाकटीच्या घशात काहीतरी फाटले. आवाज थांबला. ओठ थांबले नाहीत. दादांची नजर तिच्या ओठांवर होती, ते थांबले असते तर त्यांना कळले असते. म्हणून ती गाणे संपेपर्यंत मुक्यानेच गात राहिली. श्रोते एकमेकांकडे बघू लागले. काकांनी तारांवर मान खाली घातली. दादा मात्र रंगात आले होते, आणि ठेका एकदाही चुकला नाही, हे मला कबूल केलेच पाहिजे.

पडदा पडल्यावर ते म्हणाले, "धाकटे, आज काय आवाज लागला होता गं तुझा!"

ती हसली. रुमालावरचा लाल ठिपका तिने मुठीत घेतला.

आवाज परत येणार नाही, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी तिने दादांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"पण त्या दिवशी तर तू..." एवढे म्हणून ते थांबले.

तिने चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहिले, 'डफ फार चढला होता, दादा.'

"कधीपासून?"

'चार वर्षं.'

"आणि कोणीच मला...? तूसुद्धा?"

तिने चिठ्ठीची घडी घातली.

त्यानंतर मला कोणी हात लावलेला नाही. कपाटावर उताणा पडून आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी सांगणार नाही. माझे कातडे फाटले तर नवे बसवता येते. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, तो चुकत असेल तर त्याला वेळेवर सांगा. तो चिडेल, चालते व्हा म्हणेल. तरी सांगा.

धाकटीला दादाला दुखवायचे नव्हते. आता दादा रोज सकाळी तिच्यापुढे चहा ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून स्वतःचा पितात.