गाढव ज्याच्यापुढे, त्यानंच जोडायचं

मी गाढव बोलतोय. आधी हसून घ्या. अंग कापडाचं, एक कान दुसऱ्यापेक्षा लांब आणि पोटात भाराभर चिंध्या. ऑफिसातल्या मुख्य बाईंच्या आईनं मला नातवासाठी शिवलं. नातवानं बघताक्षणी भोकाड पसरलं, म्हणून माझी रवानगी ऑफिसात झाली.

तिथं सहा जण मिळून एकच प्रोग्राम लिहीत होते, पेशंटकडे सगळ्यात जवळची रुग्णवाहिका धाडणारा. प्रत्येक जण आपापला तुकडा लिहून सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये जोडायचा. दोघांनी एकदम जोडलं की एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर आदळायचं, मग नुसती भांडणं. शेवटी बाईंनी मला टेबलावर आपटलं. "गाढव ज्याच्यापुढे, त्यानंच जोडायचं. बाकीच्यांनी दम धरा." तेव्हापासून चांगली शिकलीसवरलेली माणसं मला मागत फिरायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

मग एक नवी मुलगी आली. पहिल्यांदाच मला समोर घेतलं, दोन्ही हातांनी जपून. तिनं आपलं काम जोडलं आणि चाचणीच्या पडद्यावरच्या सगळ्या रुग्णवाहिका एकाच चौकात जाऊन उभ्या राहिल्या. कुणी ओरडलं नाही, पण पोरीनं धसकाच घेतला. घाईघाईत सामान आवरलं, त्यात मीही तिच्या पिशवीत गेलो. घरी आईला म्हणाली, "मला नाही जमणार हे. उद्यापासून मी जात नाही."

सकाळी ऑफिस ठप्प. कामं तयार, पण गाढव नाही म्हणून कुणी हात लावेना! शेवटी तिथल्या सगळ्यात जुन्या काकांचा फोन आला.

"अगं, गाढव तुझ्याकडे आहे का?"

"आहे. पाठवून देते."

"पाठवू नकोस, घेऊन ये. आम्ही बसून शोधलं, घोळ माझाच आहे. काल गाढव तुझ्यापुढे असताना मी मधेच एक ओळ घुसवली. म्हटलं, एका ओळीनं काय होतंय! तुझं काम चांगलं आहे गं. ये तू."

ती आली. काकांनी सगळ्यांदेखत आधी माझा लांब कान धरला, मग स्वतःचा. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि दोघांनी मिळून सगळं निस्तरलं.

आता कुणी कधी जोडायचं ती रांग संगणकच लावतो, मला कुणी मागत नाही. पण ती मुलगी आज इथली मुख्य आहे आणि मी तिच्या टेबलावर असतो. परवा एका नवख्या बाईंचं काम असंच कोसळलं, त्या पर्स आवरायला लागल्या. हिनं मला उचलून त्यांच्यापुढे ठेवलं आणि खुर्ची ओढली. "बसा हो. बघू दोघी मिळून."

चिंध्यांच्या पोटाला एवढा मान कोण देतं? तुमचे फार उपकार आहेत, माणसांनो. एकच मागणं आहे. माझा लांब कान उसवत आलाय, तेवढा शिवून घ्या. अजून पुष्कळांना धरायला लागेल.